पडताळणी सुरू आहे

प्रल्हाददादा,

तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी तुझं लॉगिन बंद झालं. इतकी तत्परता आपल्या ऑफिसनं याआधी कधी दाखवली होती, सांग बरं? मोडक्या खुर्चीच्या जागी नवी खुर्ची यायला आठ महिने लागले होते. माणूस गेल्यावर मात्र चार दिवसांत यादीतून नाव कमी. आणि त्या नावाबरोबर सदतीस अर्ज अडकून पडले, सदतीस पोरांच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचे. कोणाला पत्ता लागला नाही. मलाही नाही.

तेरवीला मी रिठदला आले होते. वहिनींजवळ बसले, दोन घास खाल्ले, परत आले. तेव्हा खूप रडू आलं. आता सहसा रडू येत नाही, नुसता राग येतो. साहेबांचा येतो, ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा येतो, तुझा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. तुझ्याशी भांडायचं बरंच राहून गेलंय. शिवाय एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी थोडी फिरून फिरून सांगणार, कारण सरळ सांगायची हिंमत असती तर तू समोर होतास तेव्हाच सांगितली असती.

आपण करतो ते काम नेमकं काय, हे मी माझ्या आईला सहा वर्षांत समजावू शकले नव्हते. तू शेलूबाजारला आमच्या घरी आलास, बॅगेतून लॅपटॉपच्या आधी सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी काढून तिच्या हातात दिलीस आणि चहा संपायच्या आत सांगून मोकळा झालास. "काकू, हापिसात कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते ना? कोणी अडवते, कोणी इसरते. आमी तोच कागद कंप्युटरातून चालवतो. कोणाजवळ अडकला ते दिसते."

आईनं विचारलं, "दिसते ते ठीक. मंग अडवणाऱ्याचं काय करता?"

तू माझ्याकडे पाहून हसलास. "पाह्य वं वंदना, काकूनं पह्यल्याच दिवशी इचारलं. साहेबाले अजून नाई सुचलं."

त्या प्रश्नावर तू पुढची चार वर्षं भांडलास. साहेबांशी, संस्थेशी, माझ्याशी.

मागच्या बुधवारी तुझी शोकसभा झाली. साहेबांना सवड मिळाली तेव्हा झाली, म्हणजे तेरवी होऊन आठ दिवसांनी. तुझा फोटो, हार, उदबत्ती, आणि शेजारी भिंतीवर चौकटीत मढवलेला एक मोठा कागद. वर ठळक अक्षरात, 'प्रल्हादजींचे कार्यमंत्र: प्रत्येक डेव्हलपरसाठी'. तुझ्या डायरीत तू जे लिहून ठेवायचास ते त्यांनी कोणाकडून तरी 'व्यवस्थित भाषेत' करून घेतलं होतं. संस्थेची माणसं आली होती. सगळ्यांनी त्या कागदासोबत फोटो काढले. मी मागे उभी राहून एकेक ओळ वाचत होते आणि माझं डोकं तापत होतं, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट तू सांगितलीस तेव्हा ह्याच माणसांनी तुला बह्याड म्हणून वेड्यात काढलं होतं.

पहिली ओळ, 'भागधारकांशी प्रभावी संवाद साधा.' दादा, तू आयुष्यात भागधारक हा शब्द उच्चारला होतास का? तू म्हणायचास, "जो काम करते त्याच्या बाजूले दोन दिवस बस. काही इचारू नोको. नुसतं पाह्य." मला तू रिठदच्या पलीकडच्या तांड्यावर, त्या दोन खोल्यांच्या शाळेत नेलंस. मी वाशिममध्ये पंख्याखाली बसून आकृती काढून आणली होती, छान तीन चौकोन आणि दोन बाण: पालक अर्ज करतो, शिक्षक तपासतो, संस्था मंजूर करते. पहिल्या दिवशी एकही पालक फिरकला नाही. मी वैतागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोडीचा मुकादम तांड्यावर आला, आणि तासाभरात बावीस आईबाप कागद घेऊन शाळेच्या दारात. कारण गाडी कधी भरणार, कोणाची टोळी कुठं जाणार, हे मुकादम येईपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं. तो आला की रात गेली अन् सकाळी गाडी. त्या गाडीत आईबाप जातात, आणि पोरांची सोय झाली नाही तर पोरंही जातात.

तू माझा कागद हातात घेऊन इतकंच विचारलंस, "याच्यात मुकादम कुठी हाये?"

त्या दिवशी अर्जात तू एक रकाना वाढवलास. 'गाडी कधी भरणार?' साऱ्या प्रोसेसचं घड्याळ त्या तारखेला बांधायचं, असं तुझं म्हणणं. साहेब म्हणाले, सरकारी नमुन्यात असा रकाना नाही, काढून टाका. संस्था म्हणाली, नियमाप्रमाणे सात कार्यालयीन दिवस पुरतात. कोणाला पुरतात? गाडी काय कार्यालयीन दिवस पाहून भरते? तू रकाना काढलास, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या गुरुजींना फोन करून सांगू लागलास की शेऱ्याच्या जागी गाडीची तारीख टाका. तुझा हा हट्टीपणा मला तेव्हा नुसता त्रास वाटायचा.

पुढची ओळ होती, 'अपवाद व्यवस्थापन सक्षम करा.' वाचून मला हसू आलं, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी वळून पाहिलं. आकृतीत जिथं निर्णय घ्यायचा असतो तिथं तो तिरपा चौकोन काढतात, त्याला आपण शंकरपाळा म्हणायचो. मी प्रत्येक शंकरपाळ्यातून दोनच बाण काढायची, होय आणि नाही. तू तिसरा काढायला लावायचास. "'मले माहीत नाई' हे पण एक उत्तर हाये. ते ठेवलं नाई तं माणूस होय दाबून मोकळा होते, अन् तुह्या कंप्युटरात खोटं जमा होते." तू सांगितल्यावर मी जुने अर्ज काढून पाहिले. 'पत्ता तपासला का?' या प्रश्नाला एका गुरुजींनी एका दिवसात साठ वेळा होय लिहिलं होतं. साठ घरं हिंडायला त्यांना पंख फुटले असते तरी जमलं नसतं.

आणि ती माझी चूक आठवते? भर हंगामात, मंगळवारी सकाळी, मी सुधारलेली आकृती कंप्युटरात चढवली, जिच्या बाणांवरून अर्ज पुढे सरकतात ती. जुन्या आकृतीवर जे अर्ज अर्ध्या वाटेत होते त्यांच्या पायाखालची पायरीच नाहीशी झाली. ना पुढे, ना मागे. तू एकेक अर्ज हातानं उचलून नव्या वाटेवर ठेवलास, दुपारचं जेवण न करता. मग मला समोर बसवून सांगितलंस, जे चाललंय ते जुन्या वाटेनंच पूर्ण होऊ दे, नव्या वाटेवर फक्त नवे अर्ज सोड. साहेबांना माझं नाव सांगितलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी धड 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही. आता म्हणते. ऐकतोस का?

आता घड्याळाचं, म्हणजे कागदावरच्या 'वेळमर्यादा पाळा' या ओळीचं. इथं मी तुझ्या बाजूची नव्हते, ते मान्य करायलाच हवं. जिथं जिथं माणसाची वाट पाहायची आहे तिथं तिथं घड्याळ लाव, हा तुझा धोशा. दोन दिवसांत कोणी अर्ज उघडला नाही तर वरच्या माणसाला मेसेज जावा. तू ते लावलंस. वरच्या माणसाला मेसेज जाऊ लागले. वरच्या माणसाची झोपमोड झाली. त्यांनी साहेबांना फोन केला, साहेबांनी मला बोलावलं, आणि मी घड्याळ काढलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी बोललास ते भांडायलाच. तू म्हणालास, मेसेज नको तर मग घड्याळ वाजल्यावर अर्ज आपोआप मंजूर कर. पोरगी आत घ्या, कागद मागून पाहू. मी म्हणाले, असं कसं? न तपासता मंजूर करायचं तर आपण सॉफ्टवेअर कशाला लिहितो?

"अवं, पडताळणी पोरीसाठी हाये का पोरगी पडताळणीसाठी?" तू विचारलंस. मला वाटलं होतं, पुढं कधीतरी हा वाद निवांत घालू.

चौकटीतली शेवटची ओळ होती, 'व्यक्तीपेक्षा प्रक्रिया मोठी.' तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली. ह्या लोकांना लाज कशी वाटत नाही, असं मनात येत होतं, तेवढ्यात माझा फोन थरथरला. मदतीसाठीचा जो नंबर तुझ्या फोनवर यायचा तो साहेबांनी माझ्याकडे वळवला होता. मी बाहेर आले.

तांड्यावरच्या शांताबाई होत्या. "अर्ज भरून बारा दिस झाले बाई. मोबाईल पाह्यला का एकच येते, पडताळणी सुरू आहे. मी म्हणतो, कोण करून राह्यलं पडताळणी? त्याले म्हणा, उद्या सकाळी गाडी हाये आमची."

मी म्हणाले, पाहते. जागेवर जाऊन अर्ज उघडला. पडताळणी कोणाकडे आहे? पडताळणी अधिकाऱ्याकडे. पडताळणी अधिकारी कोण कोण? मला ते उघडून पाहायची गरजच नव्हती दादा. मला माहीत होतं. तिथं एकच नाव होतं, आणि ते तुझं होतं, बंद झालेल्या लॉगिनचं.

तर ही ती गोष्ट. तू शिकवलं होतंस की पायरीवर माणसाचं नाव टाकायचं नाही, पद टाकायचं, आणि त्या पदामागे कमीत कमी दोन माणसं ठेवायची. एकच माणूस असेल तर ते पद नव्हे, नुसतं रंग दिलेलं नाव. संस्थेची माणसं काम पाहायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी ती पायरी रिकामी होती. संस्थेनं माणसं नेमून द्यायची होती, दिली नव्हती. साहेब म्हणाले, कोणाचंही टाक, तात्पुरतं. मी तुझं टाकलं. तू नाहीतरी रोज सकाळी सगळे अर्ज चाळायचासच. तात्पुरतं म्हणता म्हणता दोन हंगाम गेले.

ह्याच्यापुढचं जास्त वाईट आहे. तू एकदा विचारलं होतंस. मला दिवस आठवत नाही, पण तू टेबलाशी उभा होतास, हातात हेल्मेट. "ह्या पडताळणीत माह्यासंगं दुसरं कोण हाये वं?" मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाले, संस्थेची दोन माणसं आहेत. खोटं. तुझ्या त्या सततच्या टोचणीला कंटाळून, तुला गप्प करायला बोललेलं खोटं. तू 'बरं' म्हणालास आणि गेलास. तू माझ्यावर विश्वास ठेवलास याचाच मला आता राग येतो. सगळ्या जगाचं तपासायचास, माझंच कसं नाही तपासलंस?

दुपारचे तीन वाजले होते. आत कोणीतरी तुझ्या साधेपणावर बोलत होतं. मी पडताळणीच्या पदामागे माझं नाव टाकलं आणि दुसरं वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंचं, त्यांना विचारून. सदतीस अर्ज समोर आले. आणि दादा, प्रत्येक अर्जाच्या शेऱ्यात गाडीची तारीख होती. गुरुजींनी तू सांगितलेली सवय सोडली नव्हती. म्हणून कुठला अर्ज आधी घ्यायचा ते मला कळलं. नाही तर मी वरपासून खाली जात राहिले असते आणि शांताबाईंची गाडी निघून गेली असती.

मी काही तपासलं नाही. सरळ मंजूर केले. अधीक्षिकाबाईंना फोन करून म्हणाले, पोरं आत घ्या, कागद मागून. त्या म्हणाल्या, "हे तं प्रल्हादभाऊ बोलत होते तसंच बोलून राह्यल्या तुमी." आपला तो वाद मी अशी हरले, तू नसताना.

एकतीस पोरं आत गेली. शांताबाईंची पोरगी त्यातच आहे. सहा राहिली. त्या सहांच्या शेऱ्यातली तारीख तीन दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. सहाही एकाच तांड्यावरची, एकाच टोळीची.

मी साहेबांच्या खोलीत गेले. सभेतून नुकतेच आले होते, हातात चहाचा रिकामा कप. सगळं सांगितलं, माझं नावही सांगितलं. ते गंभीर झाले, नाही असं नाही. पण मग म्हणाले, "संस्थेला कळवू नकोस. एकतीस झाले ना? आणि ते घड्याळ वगैरे आता पुन्हा लावू नकोस, हंगाम संपल्यावर पाहू." मी म्हणाले, साहेब, भिंतीवर लावलंय ना तुम्ही, मंत्र म्हणून? ते म्हणाले, "वंदना, भावनेच्या भरात बोलू नकोस." मी बाहेर आले आणि घड्याळ लावलं. तुझ्यासारखं, गाडीच्या तारखेला बांधलेलं. वाजलं की अर्ज मंजूर, पोर आत. संस्थेला मेल केला, काय झालं, कोणामुळे झालं, सगळं. खाली माझं नाव लिहिलं.

मग सहा घरांना फोन लावले. दोन लागले नाहीत. तीन ठिकाणी रिंग गेली, कोणी उचलला नाही. सहावा काल दुपारी लागला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मी ऑफिसचं नाव सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं. ती बाई म्हणाली, "तुमी कोण? पह्यले तं प्रल्हादभाऊ बोलत होते."

मी सांगितलं, ते गेले.

तिचा आवाज चढला. "अन् आमाले कोणी सांगतलं नाई? आमी तं तवा गावातच होतो! मातीले आलो असतो ना! आठ कोस का लांब हाये रिठद? काहून नाई सांगतलं?"

तिच्या पोरीचा प्रवेश माझ्यामुळे हुकला होता, पोरगी तिच्या शेजारी उसाच्या फडात धाकट्याला सांभाळत बसली होती, आणि ती बाई माझ्याशी भांडत होती ती तुझ्या मातीवरून. मी म्हणाले, बाई, चुकलं. तेही चुकलं आणि दुसरंही चुकलं. मग तिला मी जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगितलं, साध्या शब्दांत. कोणाचं नाव कुठं टाकलं, काय खोटं बोलले.

ती म्हणाली, "मंग आता रडून राह्यली कायले? इथं सहाही पोरं संगच हायेत. येऊन घेऊन जा."

अधीक्षिकाबाई म्हणतात, आणा, बिछाने तयार आहेत. प्रोसेसमध्ये मात्र तारीख उलटलेला अर्ज पुन्हा उघडायला वाट नाही. ती वाटही तू मागितली होतीस, आम्ही नको म्हणालो होतो. ती मी परत आल्यावर काढीन.

मी उद्या सकाळी निघते आहे. गुरुजी सोबत येणार आहेत. इथून रिसोड, तिथून पुढं जीप, मग मिळेल ती एसटी. चार दिवसांच्या रजेचा अर्ज साहेबांकडे पाठवला आहे. तो मंजूर झाला की नाही, ते मी उघडून पाहिलेलं नाही.